बारा वर्षांचा ताबा: जमीन खरंच आपली होते का, आणि होत असेल तर कशी

बारा वर्षं वाहिली, म्हणजे कसली, की जमीन वाहणाऱ्याची, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. कायद्यात असं कुठंच लिहिलेलं नाही. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद 65 आहे. मालकी हक्कावर ताबा परत मागायचा असेल तर समोरच्याचा ताबा ‘प्रतिकूल’ झाल्यापासून 12 वर्षांच्या आत दावा लावा, असं तो मालकाला सांगतो. त्याच कायद्याचं कलम 27 म्हणतं की मुदत संपली आणि दावा लागला नाही तर मालकाचा हक्कच संपतो. सगळं प्रकरण ‘प्रतिकूल’ या एका शब्दावर उभं आहे: मालकाच्या परवानगीशिवाय, त्याचा हक्क नाकारून, उघडपणे ठेवलेला ताबा. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि माझ्याकडे या विषयावर येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा ताबा प्रतिकूल नसतोच. ते खोटं बोलत नसतात. त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून हा लेख.

पूर्वी आणखी एक घोळ होता. प्रतिकूल ताबा हा फक्त बचावाचा मुद्दा आहे, त्यावर स्वतःहून दावा लावता येत नाही, असं 2014 च्या एका निकालामुळं धरलं जायचं. रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजीत कौर या प्रकरणात 7 ऑगस्ट 2019 ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते मोडीत काढलं. आता ताबेदार वादी होऊन मालकी जाहीर करून मागू शकतो, आणि मुदत पुरी झाल्यावर त्याला कुणी हुसकावलं तर ताबा परतही मागू शकतो. दुसऱ्या बाजूला, 2008 च्या हेमाजी वाघाजी जाट प्रकरणात याच न्यायालयानं हा कायदा अतार्किक आणि खऱ्या मालकावर अन्याय करणारा असल्याचं म्हटलं होतं आणि सरकारला फेरविचार करायला सांगितलं होतं. विधी आयोगानं 2023 मध्ये 280 व्या अहवालात बदलाची गरज नसल्याचं मत दिलं. म्हणजे कायदा शिल्लक आहे, पण न्यायाधीश त्याच्याकडं प्रेमानं पाहत नाहीत. पुराव्यात जराशी फट दिसली की निकाल मालकाकडं झुकतो. हे मनात ठेवूनच पुढं जा.

पहिली पायरी: ताबा आला कसा, ते स्वतःशी खरं बोला

वही घ्या आणि पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहा: या जमिनीत मी किंवा माझा बाप पहिल्यांदा औत घेऊन शिरला, तो कुणाच्या सांगण्यावरून? उत्तरात ‘मालकानं दिली’ असं काहीही आलं, तर तिथंच थांबून विचार करायला हवा. परवानगीनं घेतलेला ताबा कितीही वर्षं चालला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. पन्नास वर्षं झाली तरी नाही.

मराठवाड्यात बहुतेक ताबे परवानगीचेच असतात. मालक पुण्याला कंपनीत लागला, जमीन शेजाऱ्याला बटईनं दिली. पहिली चार वर्षं वाटा गेला, मग मालकानं मागितला नाही आणि यानं दिला नाही. इथं वाटा थांबला म्हणून ताबा प्रतिकूल झाला, असं कोर्ट मानत नाही. मक्त्यानं किंवा ठोक्यानं घेतलेली जमीन तशीच. आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राहणारा सालगडी, मालकाच्या वतीनं शेत बघणारा मेव्हणा, राखणदार यांचा ताबा मालकाचाच ताबा समजला जातो. असा ताबा प्रतिकूल व्हायला मालकाला तोंडावर, साक्षीदारांसमोर किंवा लेखी सांगावं लागतं की आजपासून तुझा हक्क मी मानत नाही. बारा वर्षं त्या दिवसापासून मोजायची.

इसार पावतीचं प्रकरण तर घरोघरी आहे. पैसे दिले, ताबा घेतला, खरेदीखत राहून गेलं. पक्षकार म्हणतो, तीस वर्षं झाली, आता कब्ज्यानं करून द्या. पण सौद्यावर मिळालेला ताबा मालकाच्या संमतीचा असतो. ‘मी विकत घेतली’ आणि ‘मी मालकाविरुद्ध बळकावली’ ही दोन वाक्यं एकमेकांना खातात, आणि मोहनलाल विरुद्ध मिर्झा अब्दुल गफार या 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं आहे. अशा माणसाची वाट करारपूर्तीच्या दाव्याची आहे किंवा मालकाच्या वारसांना भेटून खरेदीखत करून घेण्याची. ताबेगहाणाचंही वेगळं आहे. तिथं गहाण सोडवायचा मालकाचा हक्क बारा वर्षांत संपत नाही.

भावकीचा मुद्दा मी जरा ताणून सांगणार आहे, कारण इथं घरं मोडलेली मी पाहिली आहेत. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. धाकटा भाऊ मुंबईला, थोरला गावी, सगळं शेत थोरला वाहतो. यात प्रतिकूल काही नाही. बहिणींचंही तेच. ‘तिनं कधी मागितलं नाही’ हा पुरावा होत नाही. धाकट्याला किंवा बहिणीला उघडपणे हक्क नाकारून बाहेर काढलं, तिला ते कळलं, आणि तिथून बारा वर्षं ती गप्प राहिली, एवढं सगळं सिद्ध करावं लागतं. लग्न होऊन गेलेल्या बहिणीविरुद्ध असा दावा लावायला कुणी आलं, तर मी आधी वाटणीपत्राचा कागद पुढं ठेवतो. तो स्वस्त पडतो आणि दिवाळीला माणसं घरी येत राहतात.

आता ज्या जमिनींना हा मार्ग जवळजवळ बंद आहे त्या पाहू. सरकारी जमिनीसाठी मुदत 12 नव्हे तर 30 वर्षांची आहे, आणि तीही सिद्ध करणं फार अवघड. गायरान हे गावाच्या सार्वजनिक उपयोगाचं. 2011 च्या जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशा जमिनींवरची अतिक्रमणं काढायचे आदेश राज्यांना दिले. गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचा लढा मराठवाड्यात मोठा आहे, पण तो शासन निर्णयानं अतिक्रमण नियमित करून घेण्याचा लढा आहे. प्रतिकूल ताब्याशी त्याची गाठ घालू नका. देवस्थान इनाम, खिदमतमाश (धार्मिक सेवेसाठी दिलेली इनाम जमीन), वक्फ या जमिनींचे कायदे वेगळे आहेत आणि वक्फचा कायदा 2025 मध्ये बदललाय, म्हणून तिथं स्वतंत्र सल्ला घ्या. किनवट, माहूर भागात आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर विषय सोडून द्या. जी जमीन कायद्यानं बिगर आदिवासीकडं जाऊच शकत नाही ती कब्ज्यानंही जात नाही.

कुळाचा प्रश्न खास आपल्याकडचा. मराठवाड्यात आजही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 लागू आहे, पश्चिम महाराष्ट्राचा 1948 चा कायदा नव्हे. आजोबांचं नाव संरक्षित कूळ म्हणून कुठं लागलेलं असेल, तर तुमचा हक्क त्या कायद्याखाली आहे, आणि तो प्रतिकूल ताब्यापेक्षा कितीतरी भक्कम असू शकतो. कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्ट ठरवत नाही; तो मुद्दा तहसीलदाराकडं जातो. ‘आम्ही कूळ आहोत’ आणि ‘आमचा ताबा मालकाविरुद्ध आहे’ असं एकाच अर्जात लिहिलेलं मी वाचलं आहे. दोन्ही हातचं जातं.

दुसरी पायरी: दिवस ठरवा

समजा पहिल्या पायरीतून पार पडलात. मालकाची परवानगी नव्हती, नातं नव्हतं, सौदा नव्हता. पडीक रान होतं, तुमच्या वडिलांनी मालक कोण हे माहीत असताना ते फोडलं, कुंपण घातलं, विहीर पाडली, मालकाचा माणूस आला तेव्हा त्याला परत पाठवलं. आता तारीख हवी.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका दाव्यात लिहिलं होतं, ‘वादीचा ताबा सुमारे वीस-पंचवीस वर्षांपासून आहे.’ दावा गेला. न्यायाधीशांनी निकालात विचारलं, मुदत कोणत्या दिवशी सुरू झाली? माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि पक्षकाराकडं मात्र होतं. मीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी पहिला तास फक्त यावर घालवतो. 2004 च्या कर्नाटक वक्फ मंडळाच्या निकालात जे मुद्दे दिलेत ते प्रत्येक वादीनं पाठ करावेत: ताबा कोणत्या तारखेला घेतला, ताब्याचं स्वरूप काय होतं, समोरच्याला तो माहीत होता का, किती काळ चालला, आणि तो उघड व अखंड होता का.

गावात तारीख कुणी लिहून ठेवत नाही, पण माणसं खुणा लक्षात ठेवतात. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. त्याच्या आधी की नंतर? थोरल्या मुलीच्या लग्नाच्या आधी की नंतर? बोअर कोणत्या उन्हाळ्यात घेतला? बोअरवाल्याचं बिल सापडलं की तारीख सापडते. समजा जून 2010 मध्ये मृगाच्या पेरणीला ताबा घेतल्याचं पक्कं झालं, तर बारा वर्षं जून 2022 मध्ये पुरी होतात. मधल्या काळात मालकानं ताब्यासाठी दावा लावला असेल तर घड्याळ तिथंच थांबतं. मालकानं जमीन तिसऱ्याला विकली, तर थांबत नाही. घेणाऱ्याच्या डोक्यावरही तीच वर्षं बसतात. मालक अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल तर सज्ञान झाल्यावर त्याला तीन वर्षांपर्यंतची सवलत मिळू शकते, तेही मोजा. तुमचे वडील वारले आणि तुम्ही वाहत राहिलात, तर दोघांची वर्षं जोडता येतात. पण मधे एक वर्ष जमीन सोडून ऊसतोडीला गेलात आणि तेवढ्यात मालकानं पेरली, तर मोजणी पुन्हा एकपासून.

धुरा, म्हणजे बांध, कोरण्याचं काय, असं सगळेच विचारतात. दरवर्षी नांगराची एक ओळ पलीकडं सरकवत नेलेला धुरा बारा वर्षांत काही गुंठे खातो, हे खरं. पण कोणतं क्षेत्र कोणत्या वर्षी गेलं हे सांगता येत नाही, म्हणून असा दावा टिकणं कठीण. ‘आम्हाला ते आमचंच वाटत होतं’ असं म्हटलं तर आणखी पंचाईत, कारण मालक कोण हे ठाऊक नसताना त्याच्याविरुद्ध ताबा कसा असेल?

तिसरी पायरी: कागद गोळा करा

आधी खरा मालक कोण ते कागदावरून शोधा. मराठवाड्यात सुरुवात 1954-55 च्या खासरा पत्रकापासून करा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्याची नक्कल मिळते. मग जुने हस्तलिखित सातबारे, फेरफार (गाव नमुना 6), आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), आणि जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते दाखवणारा उतारा. एकत्रीकरणात (जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या योजनेत) गट पडले तेव्हा कागद एकीकडं आणि ताबा दुसरीकडं असं पुष्कळ ठिकाणी झालंय. तुमचं प्रकरण तसलं निघालं तर उपाय भूमी अभिलेखात दुरुस्तीचा आहे. निजाम काळातले कागद उर्दूत असतात, ते कोर्टात अनुवादासह द्यावे लागतात.

मग ताब्याचे कागद. जुन्या नमुना 12 वर, म्हणजे सातबाऱ्याच्या पीक नोंदीच्या भागात, रीत (जमीन कोणत्या प्रकारानं कसली जाते) आणि कसणाऱ्याचं नाव लिहिलं जायचं. तिथं सलग तुमचं नाव असेल तर ते सोनं आहे, फक्त रीतीचा रकाना वाचा: बटई किंवा कुळाची रीत लागली असेल तर तोच कागद तुमच्याविरुद्ध जातो. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली आणि ती खातेदाराच्या नावानं होते, त्यामुळं अलीकडच्या वर्षांत ताबेदाराचं नाव तिथून गायब झालंय. सारा भरल्याच्या पावत्या, विहीर-बोअरची बिलं, पाइपलाइनचा खर्च, कृषिपंपाची वीजबिलं, फळबागेच्या रोपांच्या पावत्या, कारखान्याची ऊसनोंद, हे सगळं सालवार लावा. अडतीची पट्टी माल तुम्ही विकल्याचं सांगते. तो कोणत्या गटात पिकला हे सांगत नाही. पीक विम्याकडं विशेष लक्ष द्या. मालकाचा भाडेकरार जोडून विमा भरला असेल, तर ती परवानगीची लेखी कबुलीच झाली.

उपग्रहाची जुनी चित्रं आता इंटरनेटवर मिळतात आणि विहीर, शेड, मोसंबीची बाग कोणत्या वर्षी दिसू लागली हे त्यात कळतं. इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून ती द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

साक्षीदार धुऱ्याला धुरा असलेले निवडा. सोयरे नकोत. आणि त्यांना शिकवू नका. उलटतपासात मालकाचा वकील एकच प्रश्न विचारतो: ‘हे मालकाला दरवर्षी काही देत होते का?’ साक्षीदार सहज म्हणून गेला, ‘हो, एखादं पोतं द्यायचे,’ की खेळ संपला. ते खरं असेल तर दावाच लावायचा नव्हता. मागच्या तारखेचे कागद करू नका. तो फौजदारी गुन्हा आहे आणि शाईची तपासणी होते.

तहसीलमध्ये काय होतं आणि काय होत नाही

बारा वर्षं झाली म्हणून ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, सातबाऱ्यावर तुमचं नाव लावू शकत नाही. ‘वीस हजार द्या, लावून देतो’ असं सांगणारा मधला माणूस भेटला तर उठून या. मालकी फक्त दिवाणी कोर्ट देतं. तहसीलमध्ये वहिवाटीपुरतं काम होतं: अभिलेखात नाव नसलेली व्यक्ती प्रत्यक्ष ताब्यात असेल तर गाव नमुना 14 भरून तहसीलदाराकडं जातो, तो चौकशी करतो. ती नोंद ताब्याचा पुरावा म्हणून उपयोगी, मालकी म्हणून नव्हे. मोजणीही तुम्ही परस्पर मागू शकत नाही, कारण अर्ज खातेदाराचा लागतो.

दावा

घाईघाईत टाकू नका, पण रेंगाळूही नका. मालकानं तुमचा हक्क उघड नाकारला की हक्क जाहीर करून मागण्यासाठी तुम्हाला तिथून तीन वर्षं मिळतात. दावा जमीन ज्या हद्दीत आहे त्या दिवाणी न्यायालयात. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, हातनकाशा जोडा. गटाचा तुकडाच ताब्यात असेल तर तो नकाशावर रंगवा. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक मालकाला आणि मयत असतील तर वारसांना पक्षकार करा. एक वारस राहिला तर वर्षं वाया जातात. प्रतिवादी सरकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी.

मागणी दोन भागांत: मालकी जाहीर करून द्या, आणि ताब्याला कायमची मनाई द्या. सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, आणि त्याच संहितेच्या ऑर्डर 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडून मोजणी करून घेण्याचा अर्ज. दाव्यात मालकाला मालक म्हणूनच लिहा. ‘जमीन मुळात आमचीच’ असं कुठंही येऊ देऊ नका.

दावा चालू असताना कुणी ट्रॅक्टर घालून हुसकावलं तर हाणामारी नको. खासगी माणसाविरुद्ध सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 चा दावा लावता येतो. तिथं मालकी बघत नाहीत, फक्त ताबा बघतात.

हुकूमनामा मिळाला की दुसऱ्या दिवशी फेरफार होत नाही. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस असतात. पुढं कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दुसरं अपील. मुदत संपल्यावर प्रमाणित प्रत जोडून फेरफाराचा अर्ज द्या.

दावा न लावता

तुमची जमीन त्याच्या ताब्यात आणि त्याची तुमच्या ताब्यात, असं किमान 12 वर्षं चालू असेल, तर राज्य सरकारची सलोखा योजना पाहा. 3 जानेवारी 2023 च्या शासन निर्णयानं ती आली. अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क फक्त 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. महसूल कर्मचारी पंचनामा करतात, लगतचे शेतकरी साक्ष देतात. दोघांची संमती हवी आणि जमीन शेतीची हवी. योजनेची मुदत वाढवली गेली होती, ती अजून चालू आहे का ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून मगच दस्त तयार करा. वीस वर्षं एकमेकांशी न बोललेले शेजारी एका दुपारी सही करून गेलेले मी पाहिले आहेत. ही योजना मला मनापासून आवडते.

तुम्ही मूळ मालक असाल तर

बाहेरगावी असाल तर बटईचा कागद दरवर्षी नवा करा, साध्या स्टॅम्पवर का होईना, आणि त्यावर वाहणाऱ्याची सही घ्या. ई-पीक पाहणी स्वतःच्या नावानं करा. दोन-तीन वर्षांतून एकदा मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) ठेवा. सणाला गावी आलात की शेतात जाऊन या, धुऱ्यावरच्या शेजाऱ्यांना भेटा, तेच उद्या साक्षीदार असतील. आणि कुणी ताबा नाकारला तर नोटिसांवर नोटिसा पाठवत बसू नका. नुसत्या नोटिशीनं बारा वर्षांची मोजणी थांबत नाही, तहसीलदाराकडच्या तक्रारी अर्जानंही थांबत नाही. दिवाणी कोर्टात ताब्याचा दावा दाखल झाल्याची तारीख त्या बारा वर्षांच्या आत पडली पाहिजे.